एक मीटरचे महाराज

बुवाबाजी ज्याच्या केसालाही धक्का लावू शकली नाही असं एखादं डोकं या शहरात असेल, तर ते माझं. हे मी अभिमानाने सांगत नाही, केवळ नोंद असावी म्हणून सांगतो. उभी हयात मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं आणि त्यात अंगारेवाले, अंगात येणारे, हवेतून अंगठ्या काढणारे अशा सगळ्यांची यथेच्छ पिसं काढली. त्यांतल्या एकाने मला शाप दिला. दुसऱ्याने लेख आवडल्याचं पत्र पाठवलं. मला दुसऱ्याचा जास्त राग आला.

तर असा हा मी, गेल्या महिन्यात एका जुनाट संगणकापुढे हात जोडून उभा राहिलो आणि तिथून तडक शिंप्याकडे जाऊन पँटची कंबर दोन बोटं आवळून घेतली. केसांबद्दल म्हणाल, तर धक्का लागायला ते शिल्लकच नाहीत.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सभागृह आहे. एरवी तिथे एक टेबल टेनिसचं टेबल आणि त्यावर वाळत घातलेल्या उशा असतात. पण त्या शनिवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या म्हणून लोकांनी घरून स्टुलं आणली होती. प्रत्येकाच्या हातात आपापल्या तपासणीचा रिपोर्ट होता आणि प्रत्येकजण शेजाऱ्याच्या रिपोर्टमध्ये डोकावत होता. समोर पांढरी चादर घातलेलं टेबल. टेबलावर पोट सुटलेल्या पडद्याचा एक संगणक. पडदा निळा, त्याच्या मधोमध एक पांढरी चौकट आणि चौकटीत उघडझाप करणारी एक उभी रेघ.

"बघा!" अंकयोगी महाराज म्हणाले. "यंत्र श्वास घेतंय!"

मागच्या रांगेतल्या दोघांनी आपलाही श्वास त्या रेघेबरोबर घ्यायला सुरुवात केली.

महाराज पूर्वाश्रमी पाणी शुद्ध करायची यंत्रं दारोदार विकत असत. आमच्या स्वयंपाकघरातलं त्यांनीच विकलेलं, अजून गळतं. आता त्यांनी दाढी वाढवली होती आणि विषयही वाढवला होता.

"अंक कुठून आला?" त्यांनी विचारलं. "अंकुरातून! अंकुर कशाने आवरतो? अंकुशाने! आणि अंकुश कुणाच्या हाती?"

"आपल्या!" सभागृह गरजलं. यातलं काय काय कळलं होतं देव जाणे, पण ताल चांगला होता.

"अपूर्णांक म्हणजे काय? नावातच आहे बाबांनो, अपूर्ण! तुमचं दुखणं म्हणजे तुमच्यातलं अपूर्ण. हे अंतर्यामी यंत्र अपूर्ण ते काढून टाकतं आणि पूर्ण ते ठेवतं."

पुढे कळलं की हे वाक्य शब्दशः खरं होतं. थोरांचं असंच असतं. ते उघड सांगून टाकतात आणि आपण त्यात गूढ अर्थ शोधत बसतो.

विधी सोपा होता. रिपोर्टवरचा आकडा आपल्याच हाताने चौकटीत लिहायचा. डोळे मिटून "मी पूर्ण, मी पूर्ण" म्हणायचं. महाराज घंटा वाजवणार. मग डावीकडची टॅब नावाची कळ दाबायची आणि डोळे उघडायचे. आकडा उतरलेला!

बेकरीवाल्याचं युरिक अ‍ॅसिड ८.६ होतं, त्याचं ८ झालं. बेकरीवाल्याने जागच्या जागी पायाचा दुखरा अंगठा हलवून पाहिला आणि दुखत नसल्याचं जाहीर केलं. शिंप्याच्या चष्म्याचा नंबर ०.७५ होता, त्याचा थेट शून्य झाला. त्याने चष्मा काढून खिशात टाकला आणि सभागृहाबाहेर पडताना पायरी चुकला. शाळेतल्या बाईंचं हिमोग्लोबिन ९.८ होतं, ते ९ झालं.

"अहो महाराज," बाई घाबरून म्हणाल्या, "माझं तर रक्तच कमी झालं की!"

"रक्त नाही गेलं, ताई. रक्तातला विकार गेला!"

टाळ्या. फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीची साखर १४० ची १४०च राहिली. "श्रद्धेत खोट," महाराज हळहळले. सेक्रेटरी मान खाली घालून जागेवर गेला आणि बायकोने त्याला कोपर मारलं.

चाणाक्ष वाचकांना इथेच सगळं कळलं असेल. मीही तिथेच पुढच्या रांगेत बसलो होतो. पण मी अनुभवी भांडाफोडू असल्यामुळे आकड्यांकडे न बघता टेबलाखाली वायर कुठे जाते ते बघत होतो. ती भिंतीतल्या प्लगकडे जात होती.

शेवटी मला राहवेना. मी उठलो. "महाराज, मी लिहू का काहीतरी?"

"या, या, लेखकसाहेब! आपलीच वाट बघत होतो."

कळफलकावर मराठी अक्षरं होती. मी चौकटीत ठसठशीत लिहिलं : थोतांड. आणि गर्दीकडे विजयी नजर टाकून टॅब दाबली.

शब्द गेला! चौकटीत सेक्रेटरीचे १४० परत येऊन बसले होते.

छप्पर उडेल असा जयघोष. "यंत्राने निंदा गिळली! निंदा गिळली!"

"लेखकसाहेब," महाराज मायेने म्हणाले, "आपल्या शब्दाला इथे किंमत नाही. इथे अंकांचं राज्य आहे."

हेही शब्दशः खरं होतं. पण माझ्या शब्दाला किंमत नाही हे एवढ्या लोकांसमोर आजवर कुठल्या संपादकानेही म्हटलं नव्हतं. मी खचलो. आणि खचलेल्या माणसाला महाराज म्हणाले, "आलाच आहात तर वजन घाला ना."

मी ८१.९ लिहिलं. डोळे मिटले. "मी पूर्ण" हे मनात म्हटलं, मोठ्याने म्हणायला अजून थोडी लाज शिल्लक होती. घंटा. टॅब. ८१.

काय सांगू तुम्हाला! मला खरोखर हलकं वाटलं. आमच्या घरी वजनकाटा आहे. पण ज्या आकड्याने मन प्रसन्न झालं त्याची उलटतपासणी काट्याकडून कशाला घ्यायची? मी सरळ शिंप्याकडे गेलो. त्याने चष्म्याविना, निव्वळ श्रद्धेने, माझी पँट आवळून दिली. बटण एका धाग्यावर लटकत होतं, पण ते बघायला त्याला नंबर नव्हता आणि मला सवड नव्हती.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण माझ्या मागच्याच रांगेत माझी थोरली बहीण बसली होती.

अक्का भावोजी गेल्यापासून माझ्याकडेच असते. तिचे गुडघे दुखतात आणि वर्षानुवर्षं दुखण्यावरच्या गोळ्या खाऊन तिची किडनी कुरकुरायला लागली आहे. क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो. तो एकच्या आसपास असावा लागतो, अक्काचा १.९ होता. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं : त्या गोळ्या बंद म्हणजे बंद, मीठ कमी. आकडा असाच चढत राहिला तर यंत्राला जोडून रक्त धुवायची पाळी येईल.

त्या संध्याकाळी अक्कानेही आपला आकडा चौकटीत लिहिला होता. १.९ चा झाला १.

दोन दिवसांनी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो, तर अक्का ओट्याशी उभी राहून गोळी गिळत होती. पाकीट अर्धं रिकामं होतं.

"अक्का! ही तर डॉक्टरांनी बंद केलीय ना?"

"तेव्हा माझा आकडा एक पॉइंट नऊ होता. आता एक आहे. एक म्हणजे तरण्या मुलीचा आकडा."

"अगं, तो त्या डबड्यातला एक!"

"अस्सं? तुझं वजन उतरलं तेव्हा ते अंतर्यामी होतं. माझी किडनी सुधारली की लगेच डबडं झालं होय रे?"

मी काही बोलणार होतो. पण त्या वेळी अंगावर ती आवळलेली पँट होती, आणि आवळलेल्या पँटीत माणसाला तत्त्वाचं बोलता येत नाही. छातीत हवाच पुरत नाही.

अक्का खुर्चीवर टेकली. "बाळ, दोन दिवस जिना उतरून खाली जाऊन आले मी. भाजी स्वतः निवडून आणली. तुला नाही कळायचं." तिने गुडघ्यावरून हात फिरवला. मला कळलं, आणि म्हणूनच भीती वाटली.

मी भाचीला फोन लावला आणि यंत्र, शिंप्याचा चष्मा, अक्काच्या गोळ्या असं सगळं सांगितलं. अक्काची ही मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि संगणकाच्या पडद्यांवर ज्या चौकटी असतात त्या बनवण्याचंच काम करते. इतकी वर्षं मी तिला "म्हणजे नक्की काय करतेस?" असं विचारून उत्तराच्या मध्येच चहा मागत आलो होतो.

"आणि मामा, तू तिला अडवलं नाहीस?"

"अडवलं असतं गं. पण…"

"पण काय?"

"माझं वजन उतरलं होतं."

तिने विचारलं, "किती होतं, किती झालं?"

"एक्क्याऐंशी पॉइंट नऊचं एक्क्याऐंशी."

"आणि शिंपीकाकांचा नंबर?"

"पॉइंट पंचाहत्तरचा शून्य."

"मामा, तू जन्मभर लोकांच्या डोळ्यांत अंजन घालत होतास ना?"

"हो."

"थोडं घरी ठेवायचंस."

ती त्याच दिवशी आली, पण अक्का बधली नाही. "तू माझी मुलगी आहेस, डॉक्टर नाहीस, आणि महाराज तर नाहीसच नाही," एवढंच म्हणाली. पुष्कळ मिनतवारीने एक तडजोड झाली : शनिवारपर्यंत गोळी नाही, आणि शनिवारी तिघांनी मिळून खाली जायचं. "आईला माझ्या बोलण्याने पटणार नाही," भाची मला म्हणाली. "जिथे दिसलं तिथेच फिरून दिसलं पाहिजे."

शनिवारी गर्दी दुप्पट होती. निंदा गिळणारं यंत्र बघायला शेजारच्या इमारतीही लोटल्या होत्या. थोडक्यात, महाराजांची जाहिरात मीच केली होती, आणि तीही फुकट.

"ते पाहा!" मला बघताच महाराज गरजले. "कालचा निंदक, आजचा भक्त! या लेखकसाहेब, पुन्हा एकदा वजन घालून दाखवा."

भाचीने मला डोळ्याने खुणावलं : जा. मी गेलो. पण पँट अशी आवळलेली की कमरेत वाकणं अशक्य. म्हणून मी टेबलापासून हातभर दूर, काठीसारखा ताठ उभा राहून लांबूनच बोटाने कळा दाबल्या. ८, १, मग बिंदू, मग ९. निदान माझा समज तसा होता. घंटा वाजली. टॅब.

८१,९.

"उतरलं नाही!" कोणीतरी ओरडलं. "वजन परत आलं!"

"श्रद्धा ढळली!" महाराज म्हणाले.

"मामा, जागचा हलू नकोस!" भाची पुढे येत म्हणाली. मला तसंही हलता येत नव्हतं.

तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "मामाचं बोट घसरलं. बिंदूच्या शेजारी स्वल्पविरामाची कळ असते, ती दाबली गेली. आणि स्वल्पविराम दिला तर या यंत्राने काहीच काढलं नाही. नऊ जसेच्या तसे. बघा." तिने ८१.९ लिहिलं, टॅब दाबली. ८१. पुन्हा ८१,९ लिहिलं. ८१,९. घंटा नाही, मंत्र नाही.

"स्वल्पविराम म्हणजे अल्प विराम!" महाराज सावरून म्हणाले. "कृपेतच विराम आला, तर अंक कसा उतरेल?"

पहिल्या रांगेतून अक्काने मान डोलावली. मला घाम फुटला.

"बरं," भाची म्हणाली, "मग तुमचा बिंदूच घेऊ. महाराज, तुम्हीच या. शिंपीकाका, तुमची टेप द्या."

शिंप्याच्या गळ्यात टेप होतीच. त्याने महाराजांना भिंतीला उभं केलं, टेप डोळ्यांपासून लांब धरली, मग निमूटपणे खिशातून चष्मा काढून घातला. "एक मीटर सत्तर," तो म्हणाला.

भाचीने चौकटीत लिहिलं १.७० आणि महाराजांकडे पाहिलं. सवयीने त्यांनी घंटा वाजवली. टॅब.

१.

"अभिनंदन महाराज," भाची म्हणाली, "तुम्ही आता एक मीटरचे."

मागून एक बारीक आवाज आला, "महाराज, उभे राहा ना!" आणि सभागृह फुटलं. बेकरीवाला हसून हसून स्टुलावरून घसरला, आणि घसरताना त्याचा अंगठा दुखला.

"माझ्या टेपवर अजून एक सत्तरच आहेत," शिंपी म्हणाला. त्याने पुन्हा खाली वाकून, वर बघून खात्री करून घेतली.

"हे देहाचं माप आहे!" महाराज म्हणाले. "यंत्र आत्म्याचं माप सांगतं!"

"मग माझ्या आईच्या किडनीचं कुठलं सांगितलं?" भाचीचा आवाज आता हसरा नव्हता. "आत्म्याचं की देहाचं? कारण गोळ्या ती देहात टाकते आहे."

हसणं थांबलं. महाराजांना अंकुश आठवला नाही, अंकुरही आठवला नाही.

बेकरीवाल्याने अंगठा चोळत विचारलं, "पण पोरी, हे यंत्र करतं तरी काय?"

"वाचतं, काका. काही देशांत आकड्याचा पूर्ण भाग कुठे संपला ते दाखवायला बिंदू देत नाहीत, स्वल्पविराम देतात. हा संगणक तिथल्या रीतीवर लावलेला आहे. त्यामुळे त्याला स्वल्पविराम कळतो, आपला बिंदू कळत नाही. ही चौकट डावीकडून वाचत जाते. जिथे कळेनासं होतं तिथे थांबते, पुढचं टाकून देते आणि जेवढं कळलं तेवढं नीटनेटकं करून दाखवते. हे बघा."

तिने लिहिलं : ३ हत्ती. टॅब. चौकटीत ३.

"हत्ती गेले!" शाळेतल्या बाई म्हणाल्या.

"आणि पहिल्यापासूनच काही कळलं नाही, तर आधीचा आकडा परत आणून ठेवते. मामाच्या थोतांडाचं तेच झालं. खरं म्हणजे चौकटीने लाल व्हायला हवं, 'मला हे कळलं नाही' असं म्हणायला हवं. ती म्हणत नाही. हा चमत्कार नाही, काका, आळस आहे. आणि तो महाराजांचाही नाही, आमच्याच धंद्यातल्या कुणाचा तरी. बहुतेक जेवणानंतरचा."

सेक्रेटरी हळूच उठला. "म्हणजे माझे एकशे चाळीस…"

"त्यांना बिंदूच नव्हता. तुमच्या श्रद्धेत काही खोट नाही."

सेक्रेटरीने बायकोकडे असं काही पाहिलं की बास.

महाराज खुर्चीवर बसले होते. दाढी तीच, पण माणूस पुन्हा दारोदार फिरणारा दिसायला लागला होता. "बाजारात स्वस्तात मिळाला हा," ते पुटपुटले. "पहिल्यांदा माझाच ताप घातला होता. एकशे एक पॉइंट सहा. उतरला."

"आणि अंगातला?"

"तो नंतर उतरला. डॉक्टरकडे गेल्यावर."

सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे होतं, माझं अक्काकडे. ती उठून टेबलाशी आली. तिने स्वतःच लिहिलं : १, मग शोधून शोधून स्वल्पविराम, मग ९. टॅब दाबली आणि बघत राहिली. १,९. आकडा हलला नाही.

"तिथेच होता गं हा," ती म्हणाली.

"हो आई. कुठे गेलाच नव्हता."

"मला वाटलं, एकदा तरी कोणीतरी कमी केलं माझं काही." तिने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि मुलीच्या हातावर ठेवलं. "घे. पण आता भाजी आणायला जिन्यावरून मला तुम्ही न्यायचं. दोघांनीही. कंटाळा न करता."

पुढे रक्त तपासलं तेव्हा आकडा तेवढ्यावरच होता, चढला नव्हता. वेळेत थांबलात, असं डॉक्टर म्हणाले आणि गुडघ्यांसाठी व्यायाम लिहून दिला. तो अक्का करते आणि करताना मोठ्याने आकडे मोजते, मी बसलेलो दिसलो की जास्तच मोठ्याने.

पण त्या संध्याकाळी सभागृहात अजून गर्दी होती, माईक मोकळा होता, आणि मी जन्मभराचा सदरलेखक. मी माईक धरला.

"मित्रहो," मी म्हणालो, "त्या चौकटीला हसू नका. मी आयुष्यभर तिच्यासारखंच वाचत आलोय. कळेल तेवढं घ्यायचं, पुढचं गाळायचं, आणि चेहरा सगळं कळल्यासारखा ठेवायचा. मला एक किलोचा दशांशसुद्धा कोणी खरोखर काढून दिला नव्हता, तरी मी हात जोडले, कारण आकडा माझ्या सोयीचा होता. सोयीचा आकडा दिसला की आपण काटा बघत नाही. तोच नेमका बघायला हवा! कोणी तुमचं दुखणं पडद्यावर कमी करून दाखवलं, तर विचारा : टेपवर किती आहे? काट्यावर किती आहे? पुन्हा रक्त तपासलं तर किती येतं? आणि घंटा न वाजवता काय होतं? विचारायला पैसे पडत नाहीत. उत्तर येत नसेल तर 'मला कळलं नाही' म्हणा. त्यात कमीपणा नाही. कमीपणा न कळता मान डोलावण्यात आहे. बुद्धी आपल्याला दिली आहे ती…"

इथे मी परिणामासाठी खोल श्वास घेतला.

टप्प असा आवाज झाला. बटण उडालं, टेबलावरच्या घंटेवर आपटलं आणि घंटा वाजली. सभागृहातल्या अर्ध्या लोकांनी सवयीने डोळे मिटले. बाकीच्या अर्ध्यांनी मिटले नाहीत, हे माझं दुर्दैव.

मी एका हाताने माईक आणि दुसऱ्या हाताने पँट धरली, आणि बुद्धीचं वाक्य तिथेच सोडून दिलं.

"अक्का," मी म्हणालो, "तुझ्या पर्समध्ये सेफ्टी पिन आहे का गं?"